सदर नावाचा सभासद

सत्त्याऐंशी सालचा भाद्रपद, वार शनिवार, वेळ दुपारची. रक्कम रुपये अकरा. हजर माणसं सहा: आमच्या दूध संघाचे चेअरमन, शिपाई गफूरचाचा, दोन ऑपरेटर मुली, हिशोबनीस म्हणून मी, आणि ज्यांच्याविषयी हे लिहितो आहे ते. अकरा रुपये म्हणजे पैज होती. सोमवारी सकाळी कर्नाटकातून कडब्याचे ट्रक यायचे होते. तोपर्यंत चाऱ्याची यादी त्या यंत्रातून, म्हणजे नव्या कॉम्प्युटरमधून, बिनचूक निघाली तर चेअरमननी अकरा रुपये द्यायचे. नाही निघाली तर यंत्र परत खोक्यात, आणि यंत्राबरोबर आलेले साहेबही परत हैदराबादला.

पैज लागायला कारण झाली ती त्या दिवशी निघालेली पहिली यादी. पाऊस नव्हता. ज्वारीचा पेरा वाया गेला होता, लोक जनावरं बाजारात नेत होते. ज्यानं वर्षभर संघाला दूध घातलं त्याला दुधाच्या प्रमाणात कडबा, असं संचालकांनी ठरवलं होतं. यादीत सगळ्यात जास्त दूध घालणारा सर्वांत वर हवा होता. कागदाची लांबलचक पट्टी प्रिंटरमधून सरकत आली, चेअरमननी चष्मा लावला आणि पहिलंच नाव मोठ्यानं वाचलं.

"सदर."

मग त्याच्यापुढचा दुधाचा आकडा वाचला. तो जवळजवळ निम्म्या संघाच्या दुधाचा आकडा होता.

"हा सदर कोन हाय?" चेअरमन म्हणाले. "एवढं दूध घालतो अन् मला म्हाईत न्हाय? आरं, असल्या माणसाला आदी डायरेक्टर करा!"

गफूरचाचा हसू आवरायला बाहेर गेला. मलाही हसू आलं, पण माझ्या लगेच ध्यानात आलं काय झालं ते. गावोगावच्या संस्थांचे सचिव दुधाच्या रजिस्टरात सकाळच्या पाळीला माणसाचं नाव लिहीत, आणि संध्याकाळच्या पाळीला त्याच्याखाली नुसतं "सदर". म्हणजे वर लिहिला तोच माणूस. आपल्याकडे हे सगळेच करतात. आमच्या दोन ऑपरेटर मुलींनी रजिस्टरात जसं होतं तसं यंत्रात टाईप केलं होतं, कारण साहेबांचा हुकूमच तसा होता. आणि यंत्रानं सगळ्या गावांचे सगळे सदर इमानानं एकत्र करून त्यांचा एक माणूस केला होता.

साहेबांनी पट्टी हातात घेतली, खिशातले चार फुटाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "चूक यंत्राची न्हाय. त्यांनी इचारलं तेवढंच सांगितलं."

यंत्राला ते "त्यांनी" म्हणत. तुम्ही म्हणूनच बोलत. सकाळी खोली उघडली की "काय, झोप झाली का तुमची?" आणि कुठं अडलं तर "काय झालं तुम्हाला, नीट सांगा." चहा आणणाऱ्यालाही तुम्ही, चेअरमनलाही तुम्ही. आयुष्यात त्यांनी कुणाला अरे म्हटलेलं मी ऐकलं नाही.

लोक त्यांना नंबरवाले साहेब म्हणत. मीही तेच म्हणतो. नळदुर्गच्या बाजूला, हायवेला लागून आमचं ऑफिस होतं, म्हणजे मूळचं भाड्याचं गोदाम. तिथं रुजू झाल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात काय केलं असेल तर सगळ्या वस्तूंना नंबर दिले. खुर्च्यांच्या पाठीवर नंबर, कपाटांवर नंबर, चहाच्या कपांच्या बुडाला ऑइलपेंटनं नंबर. गफूरचाचानं विचारलं, "साब, मेरा नंबर किदर लगाते?" साहेब म्हणाले, "चाचा, तुमचा पैला. दार आदी तुम्हीच उघडता की." तेव्हापासून चाचा फोन उचलला की "एक नंबर बोलतोय" म्हणायचा. पलीकडच्याला काही कळायचं नाही.

चेअरमनशी त्यांची पहिली भेट माझ्यासमोर झाली. चेअरमननी नेहमीप्रमाणे विचारलं, "आडनाव काय म्हणलाव?"

"अजून म्हणलो न्हाय."

"मग म्हना की."

"कर्मचारी नंबर एकशे सात," साहेब म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. चेअरमन माझ्याकडे बघायला लागले. मी पगारपत्रक चाळायला घेतलं.

आमच्याकडे यंत्र आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा मोठा कॅल्क्युलेटर आहे. बेरजा लवकर होतील, बस. साहेबांनी मला समजावलं की बेरीज हा त्यातला किरकोळ भाग. यंत्रात तक्ते असतात. एका तक्त्यात माणसं, एकात गावं, एकात रोजचं दूध. प्रत्येक माणसाला नंबर, आणि दुधाच्या तक्त्यात माणसाचं नाव लिहायचंच नाही, फक्त त्याचा नंबर लिहायचा. नंबर हाच दोन तक्त्यांना जोडणारा धागा. "एक गोष्ट एकाच जागी लिहा," हे त्यांचं पालुपद होतं. आमच्याकडे दुधाचा दर सहा ठिकाणी लिहिलेला असे आणि दर बदलला की चार ठिकाणीच बदलला जाई. ते त्यांनी पहिल्या दिवशी शोधून काढलं आणि मला विचारलं, "भाऊ, ह्यातला खरा दर कोणता?" मी सहाही वह्या पुढ्यात ओढल्या. आजही घरी दिनदर्शिकेवर बायकोनं गॅसची तारीख लिहिली असेल तर मी माझ्या डायरीत ती परत लिहीत नाही.

हे सगळं त्यांना करायचं होतं आमच्या जुन्या रजिस्टरांवरून. नावांचे नंबर ठरायच्या आधी मुलींनी रजिस्टरं जशीच्या तशी भरून घ्यायची, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आणि एक जास्तीचं काम लावलं होतं, ज्यावरून मुली रोज कुरकुरायच्या. रजिस्टरातल्या प्रत्येक ओळीचा अनुक्रमांक टाईप करायचा. "सर, ह्याचा काय उपयोग?" तर म्हणायचे, "उपयोग म्हाईत असता तर तो मीच टाईप केला असता."

त्यांचं दुसरं वेड रिकाम्या जागेचं. दूध गाडी गावात गेलीच नाही अशा दिवशी आम्ही रकान्यात शून्य लिहायचो. ते खोडायला लावायचे. "शून्य म्हणजे म्हशीनं दूध दिलं न्हाय. रिकामं म्हणजे आपल्याला म्हाईत न्हाय. गाडी आपली गेली न्हाय आणि शून्य म्हशीला का?" रेशनकार्डाच्या अर्जात त्यांनी मुलांची संख्या हा रकाना रिकामा ठेवला होता. तलाठ्यानं विचारलं, लग्न झालंय का? नाही. मग शून्य लिहा. साहेब म्हणाले, "आजचं शून्य लिहितो, पण रकान्यात तारीख घाला." तलाठ्यानं अर्ज तसाच पुढं ढकलला.

नळदुर्गच्या एका ढाब्यावर मी त्यांच्याबरोबर जेवायला गेलो होतो. भाकरी आणि पिठलं सांगितलं. भाकरी आली. थोड्या वेळानं पोऱ्या येऊन म्हणाला, पिठलं संपलं. साहेबांनी भाकरीची ताटली उचलून परत दिली.

ढाबेवाला स्वतः उठून आला. "साहेब, भाकर तरी खावा. ठेचा देतो."

"न्हाय. मी दोन्ही मिळून एक सांगितलं होतं. एकतर दोन्ही द्या, न्हाय तर काहीच न्हाय. अर्धा व्यवहार झाला असं नसतंच."

"अन् ह्यांनी खाल्ली की," ढाबेवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"त्यांचा व्यवहार निराळा," साहेब म्हणाले आणि फुटाणे काढले. येताना मला समजावत होते की पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पोचायच्या आत वीज गेली, तर ते मुळात निघालेच नाहीत असं यंत्रानं धरायला हवं. मी ठेच्याची ढेकर देत ऐकत होतो. पण पटलं.

रोजच्या कामाच्या दोन प्रती ते काढत. एक ऑफिसात आणि एक माझ्या घरी. माझ्या बायकोनं त्या चौकोनी चकत्या, म्हणजे फ्लॉप्या, पापडाच्या डब्यात ठेवल्या होत्या, कारण त्या डब्यात ओल जात नाही. साहेबांनी डबा उघडून बघितला, झाकण लावून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हैदराबादला ह्याच्यासाठी लोखंडी तिजोरी आणली होती. ही बरी." डब्यालाही नंबर मिळाला.

तर असा हा माणूस, आणि समोर सदरांची यादी. चेअरमन वाईट माणूस नव्हते. त्यांना भीती वेगळीच होती. आदल्या खेपेला चारा वाटला तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्यानं गाडी भरून नेली होती आणि ज्यांची एकच म्हैस होती ते रिकाम्या हातानं गेले होते. त्यासाठीच तर त्यांना यादी हवी होती. ती अशी निघाल्यावर त्यांचा धीर सुटला. पैज लावली ती त्या रागात.

साहेबांनी विचारलं, "सदर म्हणजे वरचा माणूस ना?"

"व्हय," चेअरमन म्हणाले.

"तक्त्यात वर-खाली नसतं. पोत्यातल्या दाण्याला तुझ्या वर कोण बसलंय असं इचारता येतंय का? आपण ओतलं की सगळे मिसळले." मग थांबले आणि मुलींकडं वळून म्हणाले, "पण ताई, तुम्ही ओळींचे नंबर टाकलेत."

त्या नंबरांवर सगळं सावरलं. ज्या ओळीत सदर, तिच्या नंबराच्या मागं जात राहायचं, खरं नाव सापडेपर्यंत, आणि ते नाव इथं लावायचं. साहेबांनी तेवढी आज्ञा लिहिली. शनिवारी दिवस मावळायच्या आत सदर फुटला आणि हजारभर माणसांत वाटला गेला. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मी चहा सांगितला.

चहा यायच्या आत यंत्र अडलं.

साहेबांनी तक्त्याला एक नियम घालून ठेवला होता. एका माणसाची एका दिवशी एका पाळीला एकच ओळ. दुसरी आली तर घ्यायची नाही. लागलेली नावं गावामागून गाव त्या तक्त्यात चढत गेली, आणि सास्तूरच्या अलीकडच्या एका गावाशी येऊन यंत्र थांबलं. तिथं एक माणूस रोज एका पाळीला दोनदा दूध घालत होता. वर्षभर.

चेअरमन म्हणाले, "एकच मानूस हाय ना? मग बेरीज करा की दोनीची. नियम काढा तो. सोमवारी ट्रक दारात हायेत."

मीही तेच म्हणालो, हे लिहून ठेवतो. बेरीज तर बरोबरच राहत होती. दुधाचा एक थेंब कमी-जास्त होत नव्हता.

"एवढ्या गावांत त्यांनी एका जागी पाय रोवलाय," साहेब यंत्राकडं बघत म्हणाले. "काहीतरी सांगायलेत आपल्याला. नियम काढला तर ते बोलायचे बंद होतील."

रविवारी सकाळी आम्ही दोघं दुधाच्या गाडीतून त्या गावाला निघालो. रस्त्यानं दोन्ही बाजूला रान उघडं पडलेलं होतं. गाडीत कॅनांच्या खडखडाटात त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. "भाऊ, छप्पन साली माझ्या बापानं धम्म घेतला. पुढच्या साली मला शाळेत घातलं. मास्तरनी आडनाव इचारलं आणि मग बसायची जागा दाखवली, दाराजवळची. पण हजेरीत माझा नंबर एकोणीस होता. एकोणीस म्हणलं की हजर म्हणायचं. अठरा झाला की एकोणीस, मधी कुणाला काही करता यायचं न्हाय. मला तवापासनं नंबर लई आवडतो." एवढं बोलून ते बाहेर बघायला लागले. गाडी गावात शिरेपर्यंत आम्ही फुटाणे खात होतो.

गावच्या संस्थेचा सचिव ओट्यावर कॅन विसळत होता. साहेबांनी त्याला ओळी दाखवल्या. एका माणसाचं नाव, खाली सदर, खाली परत दोन सदर.

"ह्यात चूक काय?" सचिव म्हणाला. "वरचे दोन त्याचे. खालचे दोन त्याच्या धाकल्या भावाच्या बायकोचे. धाकला वारला. तिची म्हस एगळी हाय, पर घर एकच की. तिचं एगळं नाव कशाला लिवायचं? पैसं तिला देतो तिचा दीर. आजवर एक पैसा खाल्ला न्हाय त्यानं. इचारा."

"खाल्ला असं मी म्हणलो न्हाय," साहेब म्हणाले. "ती कुठं राहते?"

घर एकच होतं, पण चूल वेगळी होती. मागच्या बाजूला छप्पर, छपरात म्हैस. गाभण होती. पुढ्यात वाळलेला पालापाचोळा. बाई तिशीची असेल. आम्हाला बघून पदर सारखा करून उभी राहिली.

सचिवानं सांगितलं, संघाचे साहेब हायेत, चाऱ्याचं बघायला आलेत.

"चारा भावजींच्या नावानं येनार म्हनं," ती म्हणाली. "येऊ द्या. त्यांची दोन बैलं हायेत, एक म्हस हाय. त्यांचं खाऊन उरलं तर देतीलबी. पर उरतंय कशाचं? मंगळवारी बाजारात न्यावी म्हनते हिला. परवा येपारी येऊन दात बगून गेला."

"चारा तुमच्या नावानं येईल," साहेब म्हणाले. "तुम्ही वर्षभर दूध घातलंय. नाव सांगा."

"लिवा की सदर."

साहेबांचा पेन थांबला.

"दोन वर्सं तेच लिवतेत," ती म्हणाली. "मला वाटलं डेरीत माजं नाव तेच हाय. ह्यांनी एकदा हाक बी मारली हुती, ए सदर, कॅन सरकिव."

सचिव म्हणाला, "आवो, चेष्टा केली हुती," आणि दुसरीकडं बघायला लागला.

साहेबांनी चपला काढल्या. का काढल्या मला कळलं नाही. मातीचंच अंगण होतं. म्हणाले, "बाई, तुमचं नाव सांगा."

"सासरचं सुभद्रा. लग्नात ठिवलेलं. म्हायारचं शेवंता."

मी म्हणालो, सुभद्रा लिहू, रेशनकार्डावर तेच असेल.

"थांबा भाऊ," साहेब म्हणाले. "बाई, नंबर एकच राहणार. नाव कुठलंही लिहिलं तरी चालतंय. तुम्हाला कुठलं आवडतंय?"

ती हसली. "हे कुनी इचारलं न्हाय आजवर." मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून थोडा विचार करून म्हणाली, "शेवंताच लिवा. ही बी म्हायारचीच हाय. बापानं दिलेली."

दीर तोवर घरातून बाहेर आला होता. मला वाटलं आता कटकट होणार. तो सगळं ऐकून सचिवाला म्हणाला, "आरं, मला वाटायचं माजी म्हस लईच दूध देती की काय. तू माज्यावर दोन घरं लिवलीस व्हय?" आणि भावजयीकडं बघून म्हणाला, "घे बाई तुजं तू. मला रोज पैसं मोजून द्यायचा वैताग गेला."

परत येताना साहेब खूश होते. मी म्हणालो, एका बाईसाठी दिवस गेला. ते म्हणाले, "एका बाईसाठी न्हाय भाऊ. तिथं दोन माणसं होती आणि आपण एक धरला होता. यंत्राला ते खटकलं, आपल्याला खटकलं न्हाय."

रविवारी दुपारनंतर नियम न काढता यादी पुरी झाली. आणखी तीन गावांत यंत्र असंच अडलं. तिथं फोनवरून विचारलं आणि तिन्ही ठिकाणी एकेक माणूस सापडला. दोन बायका आणि एक म्हातारा.

साहेब आमच्याकडे पुढं दोन वर्षं राहिले. नंतर सोलापूरकडच्या एका कारखान्यानं जास्त पगारावर बोलावलं. जाताना त्यांनी टेबलावर किल्ली, कपाटाची यादी आणि आपला कप ठेवला, आणि कपाच्या बुडाचा नंबर मला दाखवून म्हणाले, "हा नंबर दुसऱ्याला देऊ नका. गेलेल्याचा नंबर परत वापरायचा नसतो." तो कप अजून ऑफिसात आहे आणि त्यातून कुणी चहा पीत नाही. गेल्या दिवाळीला त्यांचं पत्र आलं. लग्न उशिरा केलं, मुलगी आहे. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: रकाना भरला.

आता सोमवारचं सांगून संपवतो. ट्रक आले. अंगणात गावोगावची माणसं जमली होती. चेअरमननी यादी वाचायला घेतली. पहिलं नाव आलं, त्याचा माणूस गर्दीतून पुढं आला, कडबा मोजून घेऊन गेला. दुसरं आलं, तिसरं आलं. कुणी कुणाला ढकललं नाही, कारण यादी दारावर चिकटवली होती आणि प्रत्येकाला आपला नंबर माहीत होता. शेवंताचं नाव आलं तेव्हा ती सचिवाबरोबर उभी होती. तिच्या पेंढ्या तिनं स्वतः मोजल्या. सचिवाच्या बैलगाडीत टाकल्या. मंगळवारच्या बाजाराला ती गेली नाही, हे मला नंतर कळलं.

ट्रक रिकामे झाल्यावर चेअरमननी खिशातून दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं काढलं. "घ्या साहेब. हारलो म्या. अन् त्या सदरला डायरेक्टर करायचं राहिलं बगा."

साहेबांनी पैसे घेतले आणि सचिवाच्या हातात दिले. "संस्थेचा शेअर दहाचा ना? आणि प्रवेश फी एक. बाईंना सभासद करा. पावती इथंच फाडा."

सचिवानं पावतीपुस्तक मांडीवर घेतलं. भरणाराचं नाव: शेवंता. खालचा रकाना होता, कुणाचे नावे जमा. सवयीनं त्यानं "स" काढला, थांबला, साहेबांकडं बघितलं, "स" खोडला आणि शेवंता हे नाव पुन्हा पूर्ण लिहिलं. एक गोष्ट एकाच जागी लिहा म्हणणारे साहेब ते मुकाट्यानं बघत होते.

माझी नोंद अशी: रक्कम रुपये अकरा फक्त. देणार चेअरमन. शेवंता हिचे नावे जमा.